डोळ्यात पू दिसला, पण रिपोर्टमध्ये जंतू नाहीत

डॉक्टर ताई, नमस्कार.

आम्ही ऐरोलीला राहतो. आई ६३ वर्षांची आहे, शुगर वीसेक वर्षांपासून. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याला सूज आहे. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे, डाव्याचं अजून नाही. वर्षभर ठाण्याच्या रेटिनाच्या डॉक्टरांकडे इंजेक्शनं चालू होती. उजव्या डोळ्याची सूज उतरेना म्हणून या वेळी त्यांनी त्या डोळ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. गुरुवारी दुपारी लोकलने जाऊन आलो. रात्री आई म्हणाली, डोळ्यासमोर ठिपके फिरतायत. शुक्रवारी सकाळी उठली तर सगळं भाताच्या पेजेसारखं दिसत होतं. दुखत अजिबात नव्हतं. मी मोबाइलचा टॉर्च धरून बघितलं तर बुबुळावर खालच्या बाजूला पांढरी रेघ होती, चंद्रकोरीएवढी.

फोन केल्यावर डॉक्टरांनी लगेच बोलावलं आणि तपासून तसंच मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तिथे डोळ्याच्या आतलं पाणी काढून तपासायला दिलं आणि त्याच वेळी डोळ्यात अँटिबायोटिकची दोन इंजेक्शनं दिली. मग तासातासाला ड्रॉप्स. काही दिवसांत पांढरं गेलं आणि आता नजर आधीसारखी आहे. रिपोर्ट आला ‘नो ग्रोथ’. डिस्चार्ज कार्डवर ‘स्टेराइल एंडोफ्थॅल्मायटिस’ असं लिहिलंय.

आता घरात तीन मतं आहेत. दादा म्हणतो, ठाण्याच्या डॉक्टरांनी इन्फेक्शन केलं आणि आता सगळे मिळून झाकतायत, तक्रार करू. मला वाटतं, जंतू नव्हतेच तर आईच्या डोळ्यात आणखी सुया कशाला खुपसल्या? आणि आई म्हणते, गुरुवारी रात्री मी विसरून चेहऱ्यावर पाणी मारलं, त्यामुळेच झालं. ती आता डाव्या डोळ्याचं इंजेक्शन घ्यायला तयार नाही. पुढच्या महिन्याची तारीख आहे. आम्ही काय करावं?

– एक मुलगी, ऐरोली

नमस्कार.

आधी तुमच्या आईंसाठी, कारण तिघांमध्ये सगळ्यात जास्त त्रास त्यांनाच होतोय. चेहऱ्यावर पाणी मारल्यामुळे हे झालेलं नाही. एवढं वाक्य त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. इंजेक्शननंतर काही दिवस डोळ्यात नळाचं पाणी जाऊ देऊ नका, असं आम्ही सांगतो आणि ते पाळायलाच हवं. पण आत जंतू शिरतात ते बहुतेक वेळा सुई टोचण्याच्या क्षणी, पापणीच्या कडेवर किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागावर आधीपासून असलेले. आत गेल्यावर त्यांची संख्या वाढायला वेळ लागतो आणि त्रास सहसा दुसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान सुरू होतो. रात्री लागलेल्या पाण्याने सकाळी उठेपर्यंत डोळ्यात पांढरा थर साचत नाही. शिवाय तुम्ही जे वर्णन केलं आहे त्यावरून मलाही वाटतं की यात जंतूंचा हात नव्हता. म्हणजे आईंनी स्वतःला दोष देण्याचं काहीच कारण उरत नाही.

आता नेमकं काय झालं ते नीट सांगते, कारण तुमच्या आणि दादाच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

आईंना दिलेलं औषध बहुधा ट्रायॅमसिनोलोन असावं. फाइलमध्ये बघून खात्री करून घ्या. हे औषध पाण्यात विरघळलेलं नसतं. त्याचे बारीक पांढरे कण द्रवात तरंगत असतात, म्हणून भरलेली सिरिंज दुधाळ दिसते. साधारण ०.१ मिली द्रवात ४ मिलिग्रॅम औषध, एवढंच डोळ्याच्या मागच्या पोकळीत सोडतात. तिथे जेलीसारखा पदार्थ असतो, त्यात हे कण अडकून राहतात आणि हळूहळू विरघळत तीनेक महिने काम करतात. गुरुवारी रात्री आईंना दिसलेले ठिपके म्हणजे या कणांच्या पडद्यावर पडणाऱ्या सावल्या. तेवढ्याने घाबरायचं नसतं. या इंजेक्शननंतर ते दिसतातच, आणि ते दिसणार हे आधी सांगितलं गेलं नसेल तर सांगायला हवं होतं.

शुक्रवारी सकाळचं धूसर दिसणं मात्र वेगळं. तुम्ही टॉर्चमध्ये पाहिलेली पांढरी रेघ म्हणजे बुबुळासमोरच्या पाण्यात तळाशी बसलेला थर. असा थर तीन कारणांनी दिसू शकतो. एक, डोळ्यात जंतू शिरले आणि त्यांच्याशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशी खाली बसल्या. दोन, जंतू नाहीत, पण औषधातल्या कशाने तरी डोळ्याचा आतला भाग चिडला आणि तशाच पांढऱ्या पेशी तशाच खाली बसल्या. तुमच्या डिस्चार्ज कार्डवरचं ‘स्टेराइल एंडोफ्थॅल्मायटिस’, म्हणजे डोळ्याच्या आतली जंतूंशिवायची सूज, ते हे. आणि तीन, पेशी नाहीतच, औषधाचे पांढरे कणच मागच्या पोकळीतून पुढे आले आणि तळाशी साचले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यात लेन्सच्या मागच्या पातळ पिशवीला कुठे फट असेल तर कणांना पुढे यायला वाट मिळते. त्यामुळे तुमच्या आईंच्या बाबतीत हे तिसरंही विसरून चालणार नाही.

स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राखाली, बघताना आम्ही काय शोधतो तेही सांगते. कण असतील तर थर खडूसारखा शुभ्र दिसतो आणि मोठं करून पाहिलं की एकेक कण चमकतो. पेशंटला थोडा वेळ कुशीवर झोपवून परत बघितलं तर थर सरकलेला असतो. पेशी असतील तर रंग जरा पिवळट, थर चिकट, आणि वरच्या पाण्यात धुळीसारखे कण सावकाश फिरताना दिसतात. जंतू असतील तर सहसा डोळा लालभडक होतो, पापणी सुजते, पेशंट प्रकाशाकडे बघू शकत नाही, ठणका लागतो. जंतूंशिवायच्या सुजेत दुखणं अगदी कमी किंवा नसतंच, लालीही बेताची असते, आणि ती लवकर सुरू होते, बहुतेक वेळा पहिल्या एक-दोन दिवसांत. तुमच्या आईंचं चित्र या दुसऱ्या वर्णनाशी बरंच जुळतं.

मग शुक्रवारीच डॉक्टरांनी हे ओळखून नुसत्या ड्रॉप्सवर का नाही ठेवलं? कारण ही सगळी वाक्यं ‘सहसा’ आणि ‘बहुतेक वेळा’ची आहेत. आणि इथे एक मोठी अडचण असते: डोळ्यात आत्ताच स्टेरॉइड दिलेलं असतं. स्टेरॉइड सूज आणि दुखणं दोन्ही दाबतं. म्हणजे जंतू असले तरी डोळा फारसा दुखणार नाही, फारसा लाल होणार नाही, आणि डॉक्टर फसतील. न दुखणारं इन्फेक्शन असू शकतं, आणि ते या इंजेक्शननंतर तर जास्तच असू शकतं.

काही जंतू, विशेषतः स्ट्रेप्टोकोकस जातीचे, असं विष सोडतात की एक-दोन दिवसांत पडदा कायमचा निकामी होतो. डोळ्यातून काढलेल्या पाण्याचं कल्चर, म्हणजे लॅबमध्ये त्यातून जंतू वाढतात का हे बघण्याची तपासणी, यायला मात्र किमान एक-दोन दिवस लागतात, बऱ्याचदा जास्तच. रिपोर्टची वाट बघत बसलं तर रिपोर्ट हातात येईपर्यंत वाचवण्यासारखं काही उरलेलं नसेल. म्हणून जगभर जिथे शंका आहे तिथे हीच पद्धत आहे: पाणी काढून लॅबला पाठवायचं आणि त्याच बैठकीत अँटिबायोटिक आत सोडायचं. दोन इंजेक्शनं का, तर सहसा एक असतं व्हँकोमायसिन आणि दुसरं सेफ्टाझिडिम. एक जंतूंच्या एका गटावर चालतं, दुसरं दुसऱ्यावर. कुठला गट आहे हे त्या क्षणी कुणालाच माहीत नसतं, म्हणून दोन्ही.

तुमचा प्रश्न मला अगदी पटतो, आईच्या डोळ्यात पुन्हा सुई जाताना बघणं सोपं नसतं. पण त्या दिवशी त्या खोलीत मी असते तर मीही हेच केलं असतं, आणि माझ्या स्वतःच्या आईच्या डोळ्यातही हेच केलं असतं. जंतू नसताना अँटिबायोटिक दिलं तर डोळ्याचं नुकसान होण्याची शक्यता फार थोडी असते. जंतू असताना ते दिलं नाही तर डोळाच जातो. ‘जंतू नव्हतेच’ हे वाक्य तुम्ही आज बऱ्याच खात्रीने म्हणू शकता. शुक्रवारी दुपारी ते म्हणण्याचा अधिकार कुणालाच नव्हता.

आता दादाकडे वळते. त्यांच्या संशयात एक मुद्दा खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. ‘नो ग्रोथ’ म्हणजे जंतू नव्हते असं सिद्ध होत नाही. डोळ्यातून थेंबभर पाणी निघतं, त्यात जंतू सापडलेच पाहिजेत असं नाही. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर एंडोफ्थॅल्मायटिस झालेल्या ४२० रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के जणांच्या नमुन्यात कल्चरने जंतू पक्के झाले नव्हते. त्यामुळे नुसत्या रिपोर्टच्या जोरावर कुणी छाती ठोकून ‘इन्फेक्शन नव्हतं’ म्हणत असेल तर दादांनी प्रश्न विचारावा.

पण निदान नुसत्या रिपोर्टवर होत नाही. त्रास इंजेक्शननंतर चोवीस तासांच्या आत सुरू झाला. दुखत नव्हतं. काही दिवसांत थर गेला. नजर पूर्वीइतकी परत आली. खऱ्या इन्फेक्शनमधून बाहेर आलेला डोळा इतक्या लवकर आणि इतका स्वच्छ होणं विरळा. हे सगळं एकत्र ठेवलं तर रुग्णालयाचं निदान मला योग्य वाटतं. अँटिबायोटिक आणि सूज उतरवणारे ड्रॉप्स दोन्ही एकाच वेळी चालू होते, त्यामुळे शंभर टक्के खात्री कुणीच देऊ शकणार नाही. पण ‘सगळे मिळून झाकतायत’ म्हणावं असं तुमच्या पत्रात मला काही दिसत नाही. झाकायचं असतं तर ठाण्याच्या डॉक्टरांनी दोन दिवस ड्रॉप्स देऊन घरी बसवलं असतं. त्यांनी तुमचा फोन घेतला, लगेच बोलावलं आणि आपल्या हातात ठेवण्यापेक्षा मोठ्या ठिकाणी पाठवलं. मी हे व्यवसायबंधूंची बाजू घेण्यासाठी लिहीत नाही. याच्या अगदी उलट वागलेले लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या पेशंटचे डोळेही पाहिले आहेत.

जंतूंशिवाय डोळा असा का चिडतो? याचं एकच कारण हाती लागलेलं नाही. २००० नंतरच्या काही वर्षांत डोळ्यात स्टेरॉइडची ही इंजेक्शनं जगभर झपाट्याने वाढली आणि २००३ च्या सुमारास अशा सुजेचे अहवाल एकामागून एक यायला लागले. तेव्हा वापरलं जाणारं औषध मुळात सांधे आणि स्नायूंमध्ये देण्यासाठी बनवलेलं होतं आणि त्यात बेंझाइल अल्कोहोल हे प्रिझर्व्हेटिव्ह असायचं. पहिला संशय त्याच्यावर गेला. २००७ मध्ये अमेरिकेत खास डोळ्यासाठी बनवलेलं, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं ट्रायॅमसिनोलोन मंजूर झालं. भारतातही तशी तयारी मिळते. पण तिच्यानंतरही अशी सूज आलेले रुग्ण नोंदले गेले, म्हणजे सगळा दोष प्रिझर्व्हेटिव्हचा नाही. कणांचा आकार, द्रवातले इतर घटक, एखाद्या बॅचमध्ये उरलेले मेलेल्या जंतूंचे अंश, आणि पेशंटच्या डोळ्याचा स्वतःचा स्वभाव, यांपैकी काहीही असू शकतं. किती जणांना होतं याचे आकडेही ठिकठिकाणी वेगळे आले आहेत. कुठे शंभरात एकापेक्षा कमी, कुठे शंभरात सहा-सात. दिलासा एवढाच की योग्य वेळी बघितलं तर यातले बहुतेक डोळे पूर्ववत होतात. तुमच्या आईंच्या बाबतीत जिवावरचं बोटावर निभावलं, असं मी म्हणेन.

म्हणून दादांना माझं सांगणं असं: तक्रारीच्या आधी माहिती मागा. भांडणाच्या सुरात नको, कारण हीच माहिती डाव्या डोळ्यासाठी लागणार आहे. औषधाचं नाव आणि कंपनी काय, बॅच नंबर आणि एक्स्पायरी काय? ते डोळ्यासाठीचं प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं होतं की सांध्यासाठीचं? कुपी आईंसाठीच उघडली होती की एकीतून अनेकांना दिलं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याच दिवशी किंवा त्याच बॅचमधून इंजेक्शन घेतलेल्या आणखी कुणाला असं झालं का? एकट्या आईंना झालं असेल तर ती त्यांच्या डोळ्याची प्रतिक्रिया असण्याची शक्यता मोठी. तिघा-चौघांना झालं असेल तर गोष्ट गंभीर आहे. मग बॅच तपासायलाच हवी आणि ते राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाला कळवायलाच हवं. कागदपत्रं मागायला संकोच करू नका. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांच्या आत नोंदी द्यायच्या असतात.

डॉक्टरांवर तक्रार करायची नसेल तरीही औषधाचा दुष्परिणाम म्हणून याची नोंद व्हावी असं मला मनापासून वाटतं. केंद्र सरकारचा औषध-सुरक्षा देखरेखीचा कार्यक्रम आहे, फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रॅम ऑफ इंडिया. त्याच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर रुग्ण किंवा नातेवाईक स्वतः दुष्परिणाम कळवू शकतात. त्यात कुणावर आरोप नसतो. पण असे फोन आलेच नाहीत तर एखादी बॅच खराब आहे हे कळणार कसं? आपल्याकडे लोक शेजाऱ्यांना सगळं सांगतात आणि जिथे सांगायला हवं तिथे सांगत नाहीत. दादांच्या रागाला हे काम द्या.

डावा डोळा. आईंची भीती समजते, पण तारीख रद्द करून घरी बसणं हा मार्ग नाही. मधुमेहामुळे पडद्याच्या मध्यभागी आलेली सूज आपोआप ओसरेल या आशेवर राहता येत नाही. ती महिनोन्महिने राहिली तर तिथल्या पेशी मरतात आणि मग कितीही इंजेक्शनं दिली तरी वाचण्याइतकी नजर परत येत नाही. इंजेक्शननंतर आईंच्या उजव्या डोळ्यात जी सूज आली ती बहुधा औषधाची होती, सुईची नव्हती. वर्षभर त्यांनी जी इंजेक्शनं घेतली ती बहुधा रॅनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट किंवा बेव्हॅसिझुमॅब यांपैकी असणार. ती स्टेरॉइड नाहीत आणि आईंच्या डोळ्याने ती निमूट सोसली आहेत. डाव्या डोळ्यात त्यांपैकीच एखादं चालणार असेल तर उजव्याच्या अनुभवामुळे ते टाळण्याचं कारण नाही. इन्फेक्शनचा धोका प्रत्येक इंजेक्शनला असतोच, पण तो काही हजार इंजेक्शनांमागे एक, एवढा कमी असतो.

डॉक्टर डाव्या डोळ्यातही स्टेरॉइडच म्हणाले तर थांबून बोला. तिथे अजून स्वतःची लेन्स आहे, स्टेरॉइडने मोतीबिंदू लवकर पिकेल. द्यायचंच असेल तर कुठल्या स्वरूपात? डेक्सामेथासोनची ०.७ मिलिग्रॅमची बारीक कांडी मिळते, ओझर्डेक्स नावाने. ती डोळ्यात हळूहळू विरघळते आणि काही महिने पुरते. तिच्यात तरंगणारे कण नसतात. महाग आहे. उजव्या डोळ्यात पुढे कधी ती टाकायचा विचार झाला तर मात्र लेन्सच्या मागची पिशवी शाबूत आहे का, हे आधी विचारा. फट असेल तर कांडी पुढे सरकून बुबुळावरच्या पारदर्शक काचेला इजा करू शकते. फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून ठेवा: अमुक औषध, अमुक कंपनी, अमुक तारीख, दुसऱ्या दिवशी डोळ्याच्या आत सूज. उद्या ठाण्याऐवजी वाशीला किंवा पुण्याला दाखवायची वेळ आली तरी नव्या डॉक्टरांच्या नजरेला ती ओळ आधी पडली पाहिजे.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट मला सगळ्यात जास्त काळजीची वाटते. तुमच्या पूर्ण पत्रात उजव्या डोळ्याच्या प्रेशरचा, म्हणजे डोळ्याच्या आतल्या दाबाचा, उल्लेख नाही.

सूज गेली, नजर आली, आता उजवा डोळा सुटला असं घरात सगळ्यांना वाटत असेल. पण ते औषध अजून आत आहे. ट्रायॅमसिनोलोनच्या इंजेक्शननंतर साधारण तिघांपैकी एकाच्या तरी डोळ्याचं प्रेशर वाढतं, कधी दोन आठवड्यांनी, कधी दोन-तीन महिन्यांनी. त्यावर आईंना सुजेसाठी स्टेरॉइडचे ड्रॉप्सही चालू होते, कदाचित अजूनही असतील. दोन्ही मिळून प्रेशर वाढवू शकतात. वाढलेलं प्रेशर दुखत नाही, नजर धूसर होत नाही, डोळा लाल होत नाही. ते गपचूप मागची नस खातं, आणि काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. बहुतेकांचं प्रेशर ड्रॉप्सने आटोक्यात येतं, ऑपरेशनपर्यंत फार थोडे जातात, पण त्यासाठी ते मोजलेलं असायला हवं. साधारण १० ते २१ हा आकडा नेहमीचा धरतात. मोजायला पाच मिनिटं लागतात आणि त्यासाठी रेटिनाच्या डॉक्टरांकडेच जायला हवं असं नाही, ऐरोलीतल्या कुठल्याही नेत्रतज्ज्ञाकडे होईल. या आठवड्यात एकदा मोजा, मग निदान चार-सहा महिने दर महिन्याला.

स्टेरॉइडचे ड्रॉप्स चालू असतील तर ते एकदम बंद करू नका, दिलेल्या कागदाप्रमाणे एकेक थेंब कमी करत आणा. मध्येच सोडले तर सूज उसळते. आणि बाटली संपल्यावर ‘या ड्रॉप्सने आईला बरं वाटलं होतं’ म्हणून केमिस्टकडून परस्पर दुसरी आणू नका. मी असे कितीतरी पेशंट पाहिले आहेत की ज्यांनी एका चिठ्ठीवर वर्षभर स्टेरॉइडचे ड्रॉप्स घातले आणि काचबिंदू घेऊन आले.

पुढच्या इंजेक्शनसाठी काही घरगुती सूचना. तारीख शक्यतो सोमवार-मंगळवारची घ्या. शुक्रवारी-शनिवारी घेतलं तर जे पहिले दोन दिवस नजर ठेवायची तेच नेमके सुट्टीचे येतात, आणि रविवारी रात्री रेटिनाचा डॉक्टर शोधत फिरावं लागतं. दवाखान्यातून निघण्याआधी विचारून घ्या की रात्री-अपरात्री फोन कुणाला करायचा आणि ते नसतील तर कुठे जायचं. इंजेक्शनच्या आधी डोळ्यात पोविडोन आयोडीन घालतात, ते थोडं झोंबतं. आईंनी ‘नको, चुरचुरतं’ म्हटलं तरी ते टाळू देऊ नका, कारण जंतूंपासून सगळ्यात मोठा बचाव त्याचाच आहे. आणि घरी गेल्यावर आठवडाभर रोज सकाळी एक डोळा तळहाताने झाकून भिंतीवरच्या कालनिर्णयचे आकडे वाचायला सांगा, मग दुसरा झाकून. दोन्ही डोळे उघडे ठेवले तर चांगला डोळा वाईटाची उणीव भरून काढतो आणि काही कळत नाही. काल दिसलेला आकडा आज दिसला नाही, किंवा डोळा लाल झाला, उजेड सोसेना, तर दुखत असो वा नसो, त्याच दिवशी डॉक्टर. तुम्ही या वेळी ‘दुखत नाहीये ना, सोमवारी बघू’ म्हटलं नाहीत. आईंची नजर आज आधीसारखी आहे त्यात तुमच्या त्या फोनचा मोठा वाटा आहे.

तीन महिन्यांची सरासरी शुगर, रक्तदाब आणि किडनीची तपासणीही डाव्या डोळ्याच्या तारखेआधी करून घ्या. ते आकडे वर असतील तर पडद्याची सूज कुठल्याच औषधाला नीट दाद देत नाही.

प्रेशर मोजून झालं की उजव्या आणि डाव्या डोळ्याचे आकडे, आणि फाइलमध्ये औषधाचं जे नाव सापडेल ते, मला लिहून पाठवा. डाव्या डोळ्याची तारीख येण्याआधी मी उत्तर देईन.